खेळ वहीत उतरवणारा माणूस

शिरूर तालुक्यातली पोरं बेसबॉल खेळतात असं सांगितलं की पुण्यातला माणूस गालातल्या गालात हसतो. कबड्डी सोडून यांना ही अमेरिकेची हौस कुठून सुटली, असं त्याला वाटत असावं. हौसेबिवसेचा काही संबंध नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, आणि वरच्या पातळीवर पोचलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. कबड्डीत आमच्या पोरांना तालुक्यातच लोळवणारे संघ टपून बसलेले असतात. बेसबॉलला गर्दी कमी. क्रीडाशिक्षकाची अर्धी अक्कल या हिशोबात जाते आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझं घर वढू बुद्रुकला, नोकरी पंचक्रोशीतल्या शाळेत, आणि शाळा सुटली की पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर. मानधन नावापुरतं, ओळखपत्र मात्र झकास.

बेसबॉलचं मैदान फक्कीनं आखणं सोपं आहे. नव्वद फुटांचा चौकोन, एका कोपऱ्यावर उभा केलेला. चार कोपऱ्यांत चार बेस. मधोमध, फटकावणाऱ्यापासून साठ फूट सहा इंचांवर पिचर. तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची, असे नऊ डाव. विटीदांडू आणि क्रिकेट हाताखालून गेलेल्या पोराला हे पंधरवड्यात जमतं. मला घाम फुटला तो स्कोअरच्या वहीपुढे.

ती वही एकदा नीट बघण्यासारखी आहे. डावीकडे खेळाडूंची नावं, प्रत्येकापुढे प्रत्येक डावाचा एक चौकोन, चौकोनात चिमुकला बेसचा नकाशा. खेळाडू पहिल्या बेसवर पोचला की त्या नकाशाची एक बाजू रेघेनं ठळक करायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. फिरून घरी आला की अख्खा नकाशा शाईनं भरून टाकायचा, म्हणजे एक धाव. क्षेत्ररक्षकांना नावं नाहीत, आकडे आहेत. पिचर एक, कॅचर दोन, पहिला बेस तीन, दुसरा चार, तिसरा पाच, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला सहा, मागचे तिघे सात, आठ, नऊ. चौकोनात ‘6-4-3’ एवढंच लिहिलेलं असलं तरी जाणत्याला कळतं: मधल्या गड्यानं चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि एका दमात दोन गडी बाद झाले. पिचरनं तीन स्ट्राइकमध्ये गडी उडवला की इंग्रजी ‘के’ हे अक्षर काढायचं. गड्यानं बॅट न हलवताच तिसरा स्ट्राइक सोडला असेल तर तोच ‘के’ उलटा. पोरांना हा उलटा ‘के’ फार आवडायचा, कारण त्यात समोरच्याची फजिती कायमची नोंदलेली असायची.

ही पद्धत एकाच माणसानं एका बैठकीत काढलेली नाही. पण तिचा पाया ज्यानं घातला त्या माणसाचं नाव मला एका प्रशिक्षण शिबिरात कळलं आणि तो मला आमच्यातलाच वाटला. हेन्री चॅडविक. बेसबॉलचा पहिला मोठा लेखक. अमेरिकेत त्याला बेसबॉलचा जनक म्हणतात. गंमत म्हणजे हा गडी मूळचा क्रिकेटचा वार्ताहर.

चॅडविक जन्मला 1824 साली इंग्लंडमधल्या एक्झिटर गावात. बारा वर्षांचा असताना, 1837 साली, घरच्यांबरोबर न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला आला. त्याचा सावत्र भाऊ एडविन चॅडविक त्याच्याहून चांगला चोवीस वर्षांनी मोठा आणि इंग्लंडातच राहिलेला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या एडविनचं नाव ठळक आहे. गटारं, पाणी, दाटीवाटीची घरं आणि माणसांचे मृत्यू यांचा मेळ घालणारा त्याचा 1842 चा अहवाल गाजला होता. थोरल्यानं गरिबांचे मृत्यू मोजले, धाकट्यानं बाद झालेले गडी मोजले. मोजल्याशिवाय गोष्ट सुधारत नाही हा घराण्याचाच किडा असावा.

हेन्री वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचे सामने लिहायचा. 1856 साली क्रिकेटच्या सामन्याहून परतताना होबोकेन गावच्या एलिजियन फील्ड्स मैदानावर त्याला ईगल आणि गोथम या दोन क्लबांचा बेसबॉलचा सामना दिसला. खेळ त्याला नवा नव्हता, पण त्या दिवशी तो थांबला आणि त्याच्या डोक्यात आलं की अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ व्हायच्या लायकीचा खेळ हाच आहे. मग तो संपादकांच्या मागे लागला. बेसबॉलची बातमी छापा म्हणून या दारातून त्या दारात. त्या काळी तिथल्या पेपरांत घोड्यांच्या शर्यती होत्या, मुष्टियुद्ध होतं, क्रिकेटसुद्धा होतं. बेसबॉल म्हणजे कारकून आणि कारागिरांचा वेळ घालवायचा उद्योग. संपादकाच्या टेबलासमोर उभं राहून आपल्या खेळासाठी चार ओळींची जागा मागणं काय असतं, ते मला सांगायला नको.

चॅडविकचं खरं काम म्हणजे सामन्याचा तक्ता, ज्याला ते लोक बॉक्स स्कोअर म्हणतात. असे तक्ते आधीही अधूनमधून छापून येत, पण त्यानं 1859 च्या सुमारास त्याला जी शिस्त लावली ती सरळ क्रिकेटच्या गुणफलकावरून उचललेली होती. नावं एकाखाली एक, पुढे प्रत्येकाच्या धावा आणि तो किती वेळा बाद झाला ते. हाताच्या तळव्याएवढ्या जागेत अख्खा सामना. ‘के’ हे अक्षरही त्याचंच. ‘एस’ आधीच दुसऱ्या नोंदीला वापरलेलं होतं, म्हणून त्यानं ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. 1860 साली त्यानं दहा सेंटांची वार्षिक पुस्तिका काढली. तिच्यात नियम, क्लबांची माहिती आणि खेळाडूंचे आकडे. आता ब्रुकलिनचा माणूस हजार मैलांवरच्या खेळाडूविषयी वाद घालू शकत होता, त्याला एकदाही न पाहता.

माणूस हट्टी होता. सट्टेबाज आणि दारू यांच्यावर त्यानं आयुष्यभर झोड उठवली. उंच टोलवलेल्या होमरनचं त्याला कौतुक नव्हतं. डोक्यानं खेळलेला, सफाईनं अडवलेला चेंडू त्याला आवडायचा. बेसबॉल हा इंग्लंडमधल्या राऊंडर्स या पोरांच्या खेळातून वाढला, असं तो सांगत राहिला. हे ऐकून खेळाच्या सामानाचा व्यापारी आणि माजी खेळाडू अल्बर्ट स्पाल्डिंग चवताळला. अमेरिकेचा खेळ आणि आई इंग्लंडची? 1905 साली समिती बसली. तिनं निवाडा दिला की 1839 साली कूपर्सटाउन गावात अब्नर डबलडे नावाच्या, पुढे सेनापती झालेल्या गृहस्थानं हा खेळ शोधला. हा डबलडे त्या साली लष्करी शाळेत शिकत होता आणि मागे ठेवलेल्या लिखाणात त्यानं बेसबॉल शोधल्याचा अवाक्षरानं उल्लेख केलेला नाही. तरी 1939 साली बेसबॉलचं मोठं संग्रहालय उघडलं ते कूपर्सटाउनलाच. दंतकथेला जागा मिळाली, चॅडविकलाही मिळाली: 1938 सालीच त्याची तिथल्या मानकऱ्यांत निवड झाली होती, आणि खेळाडू-प्रशिक्षकांच्या बरोबरीनं त्या दालनात बसलेला तो एकमेव लेखक आहे.

1908 च्या एप्रिलमध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, अंगात कसर असताना म्हातारा थंडीत सामना बघायला गेला, न्यूमोनियानं आजारी पडला आणि 20 तारखेला गेला. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर दगडी चेंडू आहे.

आमच्याकडे याच्या तोडीचा हट्ट कुणी केला असेल तर तो वि. वि. करमरकरांनी. 1962 साली मुंबईत ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला आणि करमरकरांनी त्यात खेळाला स्वतःचं पान मिळवून दिलं. मराठी दैनिकात खेळाचं स्वतंत्र पान रुजवण्याचं श्रेय त्यांनाच देतात. पण माझ्यासारख्याला त्यांचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. त्या पानावर क्रिकेट होतंच, शिवाय कबड्डी, खो-खो, कुस्तीही होती, आणि ती उरलेल्या जागेत कोंबलेली नव्हती. खो-खोच्या सामन्यात कोण किती वेळ पळाला हे मिनिट-सेकंदांत छापून येतं हे पाहून आमच्यातले काही जण क्रीडाशिक्षक झाले, मीही त्यातलाच. आकाशवाणीवर ते मराठीतून समालोचन करायचे. संघटनांच्या कारभाराचे वाभाडे काढायलाही ते कचरले नाहीत, त्यामुळे सत्काराच्या व्यासपीठांवर त्यांना फारसे मित्र नसावेत. 6 मार्च 2023 ला ते गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

पुण्याचे बाळ ज. पंडित त्यांच्या आधीच्या फळीतले. क्रिकेटचं मराठी समालोचन त्यांनी घराघरात नेलं. त्यांचा सामना आम्ही पारावर ऐकायचो, रेडिओ ज्याचा असेल त्याच्या मर्जीनं. द्वारकानाथ संझगिरींची तऱ्हा आणखी निराळी: मुंबई महापालिकेत स्थापत्य अभियंत्याची नोकरी, आणि ती सांभाळून क्रिकेटवर लेखन. 1983 चा विश्वचषक त्यांनी लिहिला, पुढे चाळीसेक पुस्तकं झाली, हिंदी सिनेसंगीताचे कार्यक्रम झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत क्रिकेटचे रसिक होते तेवढेच जुन्या गाण्यांचेही. पोटाला नोकरी आणि मनाला खेळ, हा मराठी क्रीडालेखकाचा जुना संसार आहे. चॅडविकचंही फार वेगळं नव्हतं. तोही अनेक पेपरांत एकाच वेळी लिहून घर चालवायचा.

संझगिरींची शैली रसाळ. मला वाचायला आवडते. पण तालुक्याच्या वार्ताहरानं तिच्या नादी लागू नये या मताचा मी आहे. आमच्या बातमीत विशेषण कमी असलं तरी चालेल, नाव कमी असता कामा नये. मी बातमी लिहायचो कागदाच्या एका बाजूला, सुटसुटीत अक्षरात, पाकिटात घालून कोरेगाव भीमाला नगर रोडवर उभा राहायचो आणि पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचो. पुढे फॅक्स आला, मग मोबाइल. साधन कुठलंही असो, दुसऱ्या दिवशी छापून यायचं ते असं: ‘अंतिम सामन्यात अमुक संघ विजयी. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस वितरण झाले.’ पाहुण्यांची सगळी नावं, पदांसकट. खेळाडूंची नावं जागेअभावी गळलेली. विचारलं तर उपसंपादक म्हणायचा, “सर, पाहुणे पेपर विकत घेतात.” त्याचंही खोटं नव्हतं.

आमच्याकडे नोंद ठेवायची वृत्तीच नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं बैलगाडा शर्यतीच्या घाटात येऊन बघावं. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात बैलगाडे एकमेकांशी झुंजत नाहीत, घड्याळाशी झुंजतात. एकेक गाडा सुटतो, पुढे घोडी, आणि वरच्या टोकाला घड्याळवाले. निवेदक माईकवर सेकंद पुकारतो, टेबलावरचा माणूस वहीत लिहितो. कोणत्या यात्रेत कोणाच्या बारीला किती सेकंद लागले हे सांगणारी माणसं मी ओळखतो, आणि सेकंदाच्या एका हिश्श्यावरून वर्ष-वर्ष अबोला धरणारीही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं शर्यती बंद पडल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या; मधल्या सात वर्षांत घाटात गवत वाढलं, पण जुने सेकंद कुणी विसरलं नाही. आकड्यात मांडलेल्या खेळाला मरण येत नाही ते असं.

आणि आकडा माणसाचं भलंही करतो. डिसेंबर 1948 मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. प्रथम श्रेणीतला ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, आणखी धुलाई नको म्हणून खेळायलाच नकार दिला आणि ते संघ घेऊन निघून गेले. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. पण 443 हा आकडा कुणाला पुसता आला नाही. प्रथम श्रेणीच्या यादीत तो आजही चौथा आहे.

पळवणकर बाळूंचं उदाहरण याहून बोलकं. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता घडला. हिंदूंच्या संघात त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकायचे, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर उभं करून मातीच्या भांड्यात चहा द्यायचा, हे याच पुण्यात घडलं. संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यानं शंभरावर बळी घेतले. स्कोअरच्या वहीत जातीचा रकाना नसतो. त्याच्या बरोबरीनं जेवायला न बसणाऱ्यांनाही त्याच्या नावापुढे बळी लिहावे लागले. अमेरिकेत वेंडेल स्मिथ या कृष्णवर्णीय बेसबॉल लेखकानं हेच हत्यार वापरलं. गोऱ्यांच्या संघांत प्रवेश नसलेल्या खेळाडूंचं कर्तृत्व तो ‘पिट्सबर्ग कुरिअर’मध्ये लिहीत राहिला, जॅकी रॉबिन्सनचं नाव त्यानंच डॉजर्स संघाच्या ब्रँच रिकीला सुचवलं, आणि 1947 साली रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा त्याच्या सोबतीला प्रवासात स्मिथ होता. रॉबिन्सन मैदानात गेला तरी स्मिथला काही ठिकाणी पत्रकारकक्षात बसू देत नव्हते. तो प्रेक्षकांत बसून लिहायचा.

आता कबड्डी घ्या. खो-खोचे नियम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले, हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, 1923 साली बडोद्यात छापले गेले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथे कबड्डी दाखवली. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पहिलं सुवर्ण आलं. संस्थांचा इतिहास चोख आहे. पण कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांच्या काळातला एखादा नामी चढाईपटू घ्या आणि विचारा, त्यानं आयुष्यात किती गडी मारले? उत्तर मिळत नाही. म्हातारे खेळाडू हातवारे करून सांगतात, ‘वाघ होता वाघ!’ असेलही. परदीप नरवालनं प्रो कबड्डीत चढाईचे हजार गुण सगळ्यात आधी ओलांडले, हे मात्र शाळेतलं पोरगंही सांगतं, कारण 2014 पासून त्या स्पर्धेत चढाई न् चढाई मोजली गेली. नरवाल मोठाच. त्याच्याहून मोठा कुणी आमच्या मातीत होऊन गेला असेल, तर त्याच्या बाजूनं कागद नाही.

आकड्यांवर आंधळा विश्वासही ठेवू नये, हेही बेसबॉलनंच शिकवलं. पिचरनं वाईट चेंडू टाकले म्हणून फुकट बेस मिळाला, तर चॅडविकच्या मते त्यात फलंदाजाचं कर्तृत्व काय? म्हणून फलंदाजाच्या सरासरीत ते धरलं गेलं नाही. संयमानं चेंडू सोडणारे खेळाडू त्यामुळे शंभर वर्षं कमी लेखले गेले. हा हिशोब उलटवणाऱ्यांत पुढे होता बिल जेम्स, कॅन्सस राज्यातल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यातला रात्रपाळीचा रखवालदार. रात्रभर पेपरातले तक्ते चाळायचा, प्रश्न काढायचा आणि उत्तरं मोजून काढायचा. 1977 साली त्यानं स्वतःच एक पुस्तिका काढली. पंचाहत्तरेक प्रती खपल्या. पुढे बोस्टन रेड सॉक्स संघानं त्याला सल्लागार म्हणून घेतलं, आणि 1918 नंतर एकदाही अजिंक्यपद न जिंकलेला तो संघ 2004 साली जिंकला. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारी आमची पोरं मोबाइलवर काय बघत असतात, याची मला म्हणूनच उत्सुकता असते.

मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी आला. कबड्डीत राज्यापर्यंत गेलेला, आता पोलीस भरतीच्या तयारीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी कडक, आणि बोगस प्रमाणपत्रांच्या भानगडींनंतर ती असायलाच हवी. त्याला त्या स्पर्धेतल्या सहभागाचा पुरावा हवा होता. माझ्या फायलीत कात्रण सापडलं. त्यात संघाचं नाव होतं, पाहुण्यांची नावं होती. त्याचं नाव माझ्या वहीत होतं, चढायांसकट. पण मास्तरची वही कुठलं कार्यालय पुरावा धरणार? शेवटी संघटनेकडच्या कागदांतून काम झालं.

तेव्हापासून मी बातमी पाठवतो पण तिच्यावर विसंबत नाही. आता यात्रेतल्या आणि शंभूराजांच्या पुण्यतिथीच्या दिवसांतल्या आसपासच्या कबड्डी सामन्यांना मी गुणलेखकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. त्याच्या पत्रकावर संघाचे गुण. माझ्या वहीत खेळाडूनिहाय चढाया, पकडी, बोनस. लोण पडला की लाल पेन. सामना संपला की दोन्ही कागदांचे फोटो गावोगावच्या ग्रुपवर. पहिले काही दिवस नुसते अंगठे यायचे. आता रात्री अकरा वाजता फोन येतो, “सर, माझ्या यशस्वी चढाया सात होत्या, तुम्ही सहा लिहिल्यात.” मी वही काढतो, तो मोबाइलवरचा व्हिडिओ काढतो, आणि आम्ही पाचव्या मिनिटापासून सुरुवात करतो.